जुना मॅक मोडीत काढण्यापूर्वी

लेक किंवा मुलगा परदेशी नोकरीला जातो, तिथे आपल्यासाठी नवा कॉम्प्युटर घेतो आणि सुट्टीत घरी येताना जुना मॅक आईसाठी घेऊन येतो. ‘आई, अगदी छान चालतो गं, तुला पुरेल!’ आणि खरोखरच पुरतो. शिकवण्यांचे हिशेब, भिशीची यादी, सोसायटीची पत्रे, नातवंडांचे फोटो, रात्री जेवणे आटोपल्यावर व्हिडिओ कॉल... एवढी कामे तो बिनतक्रार करतो. चार-पाच वर्षे कशी निघून जातात ते कळतही नाही.

मग हळूहळू कुरबुरी सुरू होतात. ब्राउझर म्हणतो, ‘यापुढे मला अपडेट मिळणार नाही.’ एखाद्या बँकेचे पान उघडेनासे होते. नवे अ‍ॅप घ्यायला जावे तर ते म्हणते, ‘आधी ऑपरेटिंग सिस्टीम नवी करा.’ आणि सिस्टीम नवी करायला जावे, तर मॅक शांतपणे सांगतो की तुमच्या यंत्रासाठी नवे काही उपलब्ध नाही! मुलाला फोन केला की उत्तर तयार असते, ‘अगं, जुना झाला तो. नवा घेऊन टाक.’

घेऊन टाक! म्हणायला काय जातं? नव्या मॅकची किंमत ऐकली की आपल्याला घराचा रंग, गच्चीची गळती आणि धाकटीची फी एकदमच आठवते. शिवाय समोरचे यंत्र तर धडधडीत चालू असते. पडदा स्वच्छ, कळा शाबूत. मग हे टाकायचं तरी कसं?

मैत्रिणींनो, टाकायची घाई करू नका. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून लगेच पेनड्राइव्ह घेऊन बसूही नका. जुन्या मॅकवर नवी सिस्टीम चढवता येते, ती फुकट चढवता येते, आणि जगभर पुष्कळ लोक ती चढवतात. पण तिची काही पथ्ये आहेत. ती पाळायची तयारी असेल तरच या वाटेला जावे. आज त्याबद्दलच बोलू.

यंत्र थकले की कंपनी थकली?

प्रेशर कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कुकर भंगारात देत नाही. रिंग बदलतो. पण उद्या कंपनीनेच म्हटले, ‘या कुकरच्या रिंगा आम्ही आता करत नाही’, तर? कुकर तोच, त्याचे अ‍ॅल्युमिनियम तसेच जाड. फक्त मागून येणारा पुरवठा थांबला. मॅकचे नेमके हेच होते.

एक उदाहरण घेऊ. जून २०१२ मध्ये आलेला १३ इंची मॅकबुक प्रो, म्हणजे कडेला सीडी घालायची फट असलेला, आपल्याकडेही अनेक घरांत आहे. कंपनीने तो ऑक्टोबर २०१६ पर्यंत विकला. त्याच्यावर अधिकृतपणे चालणारी शेवटची सिस्टीम म्हणजे २०१९ ची ‘कॅटालिना’. कॅटालिनाची शेवटची सुरक्षा-दुरुस्ती आली जुलै २०२२ मध्ये. म्हणजे २०१६ च्या दसऱ्याला ज्यांनी कोरा डबा फोडला, त्यांना जेमतेम सहा वर्षे मिळाली. पुढे २०२४ मध्ये क्रोम ब्राउझरनेही कॅटालिनाला रामराम ठोकला. २०१७ चा मॅकबुक एअर याच वाटेने गेला. त्याची अधिकृत मजल २०२१ च्या ‘माँटेरे’पर्यंतच.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती टाळा. अ‍ॅपल एखाद्या मॉडेलची विक्री थांबवून पाच वर्षे झाली की त्याला ‘विंटेज’ म्हणते आणि सात वर्षे झाली की ‘ऑब्सोलीट’. हे शब्द दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी आहेत. नवी सिस्टीम मिळणार की नाही हे वेगळेच, दरवर्षी नव्या आवृत्तीबरोबर ठरते. तेव्हा दुकानदाराने ‘बाई, हे विंटेज झालं’ असे म्हटले, तर घाबरून जायचे कारण नाही. विंटेज म्हणजे मेलेले नव्हे.

आधी घरगुती उपाय

मोठे औषध घेण्याआधी आपण आल्याचा काढा करून पाहतो. इथेही तसेच.

पहिली गोष्ट, कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारून ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. मॉडेल, त्याचे साल, मेमरी आणि सध्याची सिस्टीम हे सारे तिथे असते. एका कागदावर उतरवून घ्या. पुष्कळदा असे दिसते की अधिकृतपणे मिळणारी शेवटची सिस्टीमसुद्धा आपण घातलेली नसते! तसे असेल तर आधी तेवढे करा. फुकट आहे आणि धोकाही नाही.

दुसरी गोष्ट, फक्त ब्राउझरचीच अडचण असेल तर फायरफॉक्स घालून पाहा. क्रोमने सोडलेल्या जुन्या सिस्टीमलाही तो अधिक काळ साथ देत आला आहे.

तिसरी गोष्ट वेगाची. २०१२ च्या मॅकबुक प्रोमध्ये बहुतेक ठिकाणी फिरणारी जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी मेमरी असते. डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मेमरी ८ किंवा १६ जीबी केली, की यंत्राला नवी पालवी फुटते. कंपनी कागदावर ८ जीबीच सांगते, पण हे मॉडेल १६ जीबी व्यवस्थित घेते. तळाच्या झाकणाला दहा स्क्रू असतात, त्यांतले तीन लांब. ते वेगळ्या वाटीत ठेवायला सांगा, म्हणजे परत लावताना घोटाळा होत नाही. याच मॉडेलमध्ये डिस्कची चपटी केबलही झिजते. सुरू करताना प्रश्नचिन्ह असलेला फोल्डर दिसू लागला, तर डिस्कच्या आधी केबलवर संशय घ्या.

मॅकबुक एअरमध्ये मात्र मेमरी आतल्या पाटीलाच डाग देऊन पक्की केलेली असते. ती वाढत नाही. ४ जीबीचा एअर असेल तर नव्या सिस्टीमचा सोस सोडलेला बरा. ८ जीबीचा असेल तर पुढे वाचा.

आणि एक गोष्ट सर्वांत आधी पाहायची. माऊसचा चौकोन, म्हणजे ट्रॅकपॅड, दाबायला घट्ट लागतो का? झाकण नीट मिटत नाही का? तळ फुगल्यासारखा वाटतो का? तर बॅटरी फुगली आहे. यंत्र बंद करा, चार्जरला लावू नका आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी आगीला निमंत्रण असते. बाकी सगळे नंतर.

पहारेकऱ्याची वही

हे सारे करूनही नवी सिस्टीम हवीच असेल, तर ती ज्या साधनाने चढवतात त्याचे नाव ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’. डॉर्टेनिया नावाने काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी ते केले आहे. खटपट नवी नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी जुन्या पॉवर मॅकवर तेव्हाची नवी सिस्टीम घालायला ‘एक्सपोस्टफॅक्टो’ नावाचा प्रोग्रॅम होता. पुढे कॅटालिनापर्यंतच्या आवृत्त्यांसाठी ‘डॉसड्यूड-१’ या टोपणनावाच्या गृहस्थाचे पॅचर लोक वापरत. २०२० च्या ‘बिग सर’पासून पुढच्या आवृत्त्यांसाठी ही ओपनकोअरची वाट आली.

ती चालते कशी? मोठ्या सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी आठवा. त्याच्या वहीत नाव नसेल तर तो आत सोडत नाही. तुम्ही कितीही ओळखीच्या असा! नवी सिस्टीम सुरू होताना असेच मॉडेलचे नाव तपासते. यादीत नाव नाही, म्हणजे प्रवेश नाही. ओपनकोअर हा सिस्टीमच्या आधी जागा होणारा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. तो पुढे जाऊन पहारेकऱ्याला सांगतो, ‘हे आपल्यातलेच आहेत, येऊ द्या.’ फाटक उघडते.

पण आत गेल्यावर दुसरी अडचण येते. नव्या घरात जुन्या भांड्यांना मांडणीच नसते. नव्या सिस्टीममधून कंपनीने जुन्या ग्राफिक्सचे आणि जुन्या वाय-फायचे ड्रायव्हर काढून टाकलेले असतात. ते नसले की पडदा अडखळत सरकतो आणि वाय-फाय दिसतच नाही. मग हे साधन जुन्या सिस्टीममधले तेच ड्रायव्हर माळ्यावरून काढल्यासारखे काढते आणि नव्या सिस्टीममध्ये नेऊन ठेवते. याला ‘रूट पॅच’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे दोन-तीनदा लागेल.

साहित्य

निम्मे काम तयारीतच असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

एक ३२ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह (त्याच्यावरचे सगळे पुसले जाते, तेव्हा मुंजीचे फोटो असलेला नको). एक बाहेरची हार्ड डिस्क, मॅकमधल्या साठ्याच्या निदान दुप्पट. खंड न पडणारे इंटरनेट, कारण सिस्टीमची फाइल सुमारे १२ ते १५ जीबी असते. इंटरनेटची लॅन केबल, किंवा घरात आयफोन असेल तर त्याची केबल. मॅकचा चार्जर. अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड, वहीत लिहिलेला. आणि एक अख्खा मोकळा दिवस. पाहुणे येणार असतील त्या दिवशी हे काढू नये.

मॅक मुलाकडून आलेला असेल, तर तो अजून त्याच्याच आयक्लाउडला जोडलेला आहे का ते आधी पाहा. त्याला सांगून बाहेर पडायला लावा. पुढे मध्यरात्री पासवर्ड विचारायला परदेशात फोन करावा लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘टाइम मशीन’ने बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या. घेतला की तो उघडून दोन-चार फोटो, एखादे पत्र खरोखर दिसते का तेही पाहा. लोणच्याची बरणी झाकण लावून ठेवली म्हणजे लोणचे टिकले असे नसते, मधूनच उघडून पाहावे लागते. नव्या सिस्टीममधून जुन्यावर सरळ परतता येत नाही. परतायचे तर डिस्क पुसावी लागते. शिवाय फोटोंचा संग्रह एकदा नव्या ‘फोटोज’ने उघडला की जुन्या सिस्टीमला तो वाचता येत नाही. म्हणून बॅकअपशिवाय एक पाऊलही टाकू नका.

२०१२ च्या मॅकबुक प्रोवाल्यांना आणखी एक सोपी युक्ती आहे. जुनी डिस्क पुसूच नका! ती काढून, कागदात गुंडाळून, तारीख लिहून कपाटात ठेवा आणि नवी सिस्टीम नव्या एसएसडीवर घाला. नाहीच जमले, तर जुनी डिस्क परत बसवली की यंत्र कालच्यासारखेच सुरू. अशी निश्चिंती दुसऱ्या कशात नाही.

जुने प्रोग्रॅमही तपासून घ्या. कॅटालिनापासून पुढे जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत. कुणाकडे जुन्या फाँटांवरचे मराठी टायपिंगचे काम असेल, जुना प्रिंटर किंवा स्कॅनर असेल, तर त्याचे काय होणार हे आधी पाहावे. साध्या मराठी लेखनासाठी मॅकमध्ये देवनागरी कळफलक असतोच. पण वीस वर्षांच्या जुन्या फायली नव्या फाँटात आपोआप वाचता येतीलच असे नाही. त्यांच्या पीडीएफ आधीच करून ठेवा.

कृती

१. साधन त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. ते गिटहब या संकेतस्थळावर डॉर्टेनियाच्या पानावर फुकट मिळते. कुणी पैसे मागत असेल, किंवा भलत्याच पानावर तेच नाव दिसत असेल, तर हात लावू नका.

२. त्याच पानावर मॉडेलांची यादी आहे. आपले मॉडेल शोधा आणि त्याच्यापुढे लिहिलेल्या अडचणी वाचा. कंटाळा करू नका.

३. प्रोग्रॅम उघडून ‘क्रिएट मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडा. तो सिस्टीम थेट अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून उतरवतो आणि पेनड्राइव्हवर लिहितो. इथे वेळ जातो. वरणभाताचा कुकर लावून घ्या.

४. मग ‘बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर’ निवडून ओपनकोअरही त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

५. मॅक बंद करून सुरू करा आणि लगेच ‘ऑप्शन’ ही कळ दाबून धरा. पडद्यावर चित्रे येतील. आधी ‘ईएफआय बूट’ निवडा, मग नव्या सिस्टीमचा इन्स्टॉलर. मॅक मधे तीन-चार वेळा आपला आपण बंद होऊन सुरू होतो. पट्टी एका जागी थबकल्यासारखी वाटते. घाबरून बटण दाबू नका.

६. नवी सिस्टीम सुरू झाली की ती अडखळत चालेल, वाय-फायही नसेल. हे अपेक्षित आहे. लॅन केबल किंवा केबलने जोडलेला आयफोन लागतो तो इथे. साधन उघडून ‘पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच’ चालवा, ते सांगेल तितक्या वेळा मॅक पुन्हा सुरू करा. पडदा पुन्हा झुळझुळीत सरकू लागेल.

७. शेवटी ओपनकोअर मॅकच्या आतल्या डिस्कवरही घाला, म्हणजे दर वेळी पेनड्राइव्ह लावायला नको. पेनड्राइव्ह मात्र पुसू नका. तो ‘मॅकची किल्ली’ म्हणून डब्यात ठेवून द्या.

दर अपडेटला पुन्हा

खरी गंमत पुढेच आहे. सिस्टीमचे प्रत्येक अपडेट आले की आपण माळ्यावरून आणून ठेवलेली ती जुनी भांडी कंपनी पुन्हा झाडून काढते! वाय-फाय गेले, पडदा अडखळला. घाबरायचे नाही. साधन उघडायचे, रूट पॅच पुन्हा चालवायचा. बहुधा लॉग-इन केल्यावर साधनच तशी आठवण करते.

म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप होणारी अपडेट बंद करून ठेवा. अपडेट घ्यायचेच, पण आपल्या सोयीने: आधी साधनाची नवी आवृत्ती, मग बॅकअप, मग अपडेट, मग रूट पॅच. उद्या लेकीचे ऑनलाइन पेपर असतील तर आज नको. आणि अशा मॅकला लहानसा तुकडा उतरवून भागत नाही. बहुतेक वेळा अख्खी सिस्टीमच पुन्हा उतरवावी लागते. इंटरनेट मोजून मिळत असेल तर हेही ध्यानात घ्या.

कुलूप थोडे सैल होते

हा भाग कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबून वाचा.

मॅकची मूळ व्यवस्था सीलबंद डब्यासारखी असते. बिग सरपासून तर तिच्यावर खरोखरच डिजिटल सील असते. आतले काही बदलले गेले, तर यंत्राला लगेच कळते. जुने ड्रायव्हर आत ठेवायचे तर हे सील फोडावे लागते, आणि ‘सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शन’ नावाचे आणखी एक कुलूपही अंशतः सैल करावे लागते. साधन ते आपोआप करते. त्याशिवाय ते चालूच शकत नाही.

मग सुरक्षित काय? दुरुस्त्या बंद झालेली जुनी सिस्टीम म्हणजे दाराचे कुलूप शाबूत, पण खिडकीची काच वर्षानुवर्षे फुटलेली. पॅच केलेली नवी सिस्टीम म्हणजे खिडक्यांच्या काचा नव्या, पण कडी थोडी सैल. दोन्हींत नवी सिस्टीम आणि अद्ययावत ब्राउझर पुष्कळ बरा, असे म्हणता येते. पण नव्या मॅकची बरोबरी त्याला नाही.

म्हणून पॅच केलेल्या मॅकवर पाककृती, पत्रव्यवहार, फोटो, शिकवण्या, व्हिडिओ कॉल खुशाल करावेत. पैशांची कामे, म्हणजे नेटबँकिंग, म्युच्युअल फंड, इन्कम टॅक्सचे रिटर्न, ही अपडेट मिळत असलेल्या फोनवर किंवा घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर करावीत. सैल कुलूप असलेल्या मॅकवर वाटेल तिथला प्रोग्रॅम तर अजिबात घालू नये. दागिने लॉकरमध्ये ठेवतो, रोजच्या बांगड्या कपाटात. यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त काय कुठे ठेवायचे हे ठरलेले असावे.

कुणी करावे, कुणी करू नये

२०१२ ते २०१७ मधला मॅक, ८ जीबी मेमरी, एसएसडी आणि घरात दुसरे एखादे साधन असेल, तर जरूर करून पाहा. ते आपले आपण करण्यासारखे आहे. कॉलेजातला भाचा हाताशी असेल तर उत्तमच, पण सूत्रे आपल्या हाती ठेवा. बॅकअप कुठे आहे हे भाच्याला नाही, आपल्याला माहीत असले पाहिजे.

२००८ ते २०११ मधल्या मॅकवर करू नये असेच मी म्हणेन. २०१८ च्या ‘मोहावी’पासून मॅकला ‘मेटल’ नावाची ग्राफिक्सची सोय लागते, ती त्या काळच्या बहुतेक यंत्रांत नाही. सिस्टीम चढेल, पण चित्रे फाटतील, काही अ‍ॅप उघडणारच नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम चांगली. पत्र, ब्राउझर, व्हिडिओ एवढ्याला ती पुरते आणि जुन्या यंत्राला पेलतेही.

२०१८ नंतरच्या बहुतेक मॅकमध्ये वेगळी सुरक्षा-चिप असते आणि तिच्या अडचणीही वेगळ्या, त्यामुळे आधी साधनाचे माहितीपान वाचा. आणि ज्या मॅकमध्ये अ‍ॅपलची स्वतःची चिप आहे, म्हणजे ‘एम-१’ आणि पुढचे, त्यांच्यासाठी हे साधन नाहीच.

एकच मॅक, त्याच्यावरच घर चालते, रोजचे काम एक दिवसही अडून चालत नाही, असे असेल तर हा खेळ करू नये. तिथे पैसे साठवून नव्याची तयारी करावी. तोपर्यंत सध्याच्या सिस्टीमवर अद्ययावत फायरफॉक्स आणि नियमित बॅकअप एवढे सांभाळावे.

नेहमीच्या काही शंका

*यात काही चोरीचे नाही ना?* सिस्टीम अ‍ॅपलच्याच सर्व्हरवरून येते आणि यंत्रही अ‍ॅपलचेच असते. मात्र कंपनीची याला मान्यता नाही. बिघाड झाला तर तिच्याकडे दाद मागता येणार नाही.

*कुठली आवृत्ती घालावी?* २०२४ ची ‘सिक्वोया’ या साधनाने जुन्या मॅकवर चालवून दाखवली आहे. २०२५ च्या ‘ताहो’ची घाई करू नका. तुमच्या मॉडेलपुढे स्पष्ट लिहिलेले दिसेल तेव्हाच पाहू.

*फोनमधली सगळी नवी गंमत यात येईल?* नाही. आयफोनचा पडदा मॅकवर दाखवण्यासारख्या काही सोयींना नवी चिपच लागते. त्या जुन्या यंत्रात येत नाहीत.

*एकदा मॅक सुरूच झाला नाही तर?* ऑप्शन कळ दाबून सुरू करा आणि ‘ईएफआय बूट’ निवडा. मूळ यंत्राची स्मृती पुसली गेली की तो कधी कधी वाट चुकतो. तरीही नाही जमले तर डब्यातला पेनड्राइव्ह आहेच.

*मन बदलले तर?* इंटरनेट जोडून ऑप्शन, कमांड आणि आर या तीन कळा दाबून मॅक सुरू केला, की त्या मॉडेलला अधिकृतपणे चालणारी शेवटची सिस्टीम पुन्हा घालता येते. डिस्क पुसावी लागते, म्हणून पुन्हा तेच: बॅकअप.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवा. ही काही अमृताची कुपी नाही. इंटेल चिप असलेल्या मॅकसाठी ‘ताहो’ ही शेवटची आवृत्ती, असे अ‍ॅपलने जून २०२५ मध्येच सांगून टाकले आहे. त्यापुढच्या आवृत्त्या केवळ अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपसाठी आहेत. त्या इंटेलच्या यंत्राला समजणाऱ्या भाषेतच नसतील, तर पहारेकऱ्याला पटवून तरी काय उपयोग? म्हणजे आपण जुन्या मॅकला अमर करत नाही. त्याची आणखी काही वर्षे मिळवतो. तेवढ्यात धाकटीचे शिक्षण होते, गच्चीची गळती थांबते, आणि नवा मॅक घेण्याची वेळ कंपनीच्या सोयीने न येता आपल्या सोयीने येते.

आणि ती वेळ आली की जुना मॅक रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. डिस्क पुसून घ्या आणि यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, अशी केंद्रे त्यासाठीच असतात. इतकी वर्षे ज्याने साथ दिली, त्याची बॅटरी कुठल्या तरी उकिरड्यावर धुमसत राहू नये.

तोपर्यंत मात्र ‘जुना झाला, टाकून दे’ असे कुणी म्हटले, तर आधी ‘अबाउट धिस मॅक’ उघडा, साल पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. टाकायचा की राखायचा हे मग तुम्हीच ठरवाल.